ओवाळणीत न मिळालेला शब्द

दिना, कावळा लगेच शिवला.

कराडला संगमावर दहाव्याचे पिंड मांडले, भटजी अजून मागं सरकतायत तोच एक कावळा झाडावरून सरळ खाली आला आणि चोच मारून गेला. जमलेल्या सगळ्यांनी सुस्कारा सोडला. "पोराचं मागं काय ऱ्हायलं न्हाई, सुटला," असं आपले चुलते म्हणाले आणि माणसं धोतरं झटकत उठायलाही लागली. बायकांच्या घोळक्यात मी उभी होते. मला त्या कावळ्याचा असा काही राग आला की हातात दगड असता तर मारला असता.

घटकाभर तरी अडून बसायचंस की रे! कावळा शिवेना की माणसं हात जोडून पुढं होतात, गेलेल्याच्या मनात जे असेल ते कबूल करत जातात. आबा काय म्हणाले असते कोण जाणे, पण मी काय म्हणायचं ते आदल्या दिवसापासून मनाशी जुळवून ठेवलं होतं. ते बोलायची वेळच तू येऊ दिली नाहीस. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही हे तुला माहीत आहे. यावरून आबांशी मी कितीदा तरी वाद घातलाय. पण विश्वास नसला तरी लागायचं ते मनाला लागतंच. तुझं आमच्यात काहीच अडलं नव्हतं? माझ्यातसुद्धा नाही?

आई गेली तेव्हा तू रांगत होतास आणि मी परकर सावरत चूल फुंकत होते. पुढं माझं लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत कपाळ पुसून मी माघारीही आले. तोवर तू शाळेत जायला लागला होतास. सगळं गाव म्हणायचं, पोरीचं नशीब फुटलं. तू मात्र खूश. आक्का आली, आता कायमची आली, असं आळीभर सांगत सुटला होतास. त्या घरात मी परत आल्याचा आनंद झालेला तू एकटाच. मग मी हट्टानं शिकले, सांगलीला मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले आणि तुला बरोबर घेऊन गेले. गावभागातल्या त्या एका खोलीत तू वाढलास. लोक विचारायचे, मुलगा का तुमचा? मी भाऊ म्हणून सांगायचे, पण जरा थांबून सांगायचे.

तू विमानात गेलास ते मला पसंत नव्हतं, आणि बॉम्बरवर गेलास ते तर मुळीच नाही. आपल्या घरात पलटणीचं कुणाला नवल नाही. आबा हवालदार होऊन आले, त्यांचे वडील शिपाई होते. पण ते समोर दिसणाऱ्या माणसाशी लढले. तू पहिल्यांदा त्या गणवेशात आलास तेव्हा जेवताना मी तुला विचारलं होतं, "तुम्ही वरून टाकता, तेव्हा खाली काय असतं रे?"

"धावपट्टी असते. पेट्रोलच्या टाक्या असतात."

"आणि टाक्यांच्या शेजारी?"

तू भाकरीचा तुकडा कालवणात बुडवत बसलास. मग म्हणालास, "आक्का, तू विचारतेस ते बरं आहे. दुसरं कुणी विचारत नाही." झालं, वाद तिथंच राहिला. मला जिंकायचं नव्हतं, दिना. मला उत्तर हवं होतं, आणि तुलाही हवं असावं असं मला वाटत राहिलं.

पण सगळंच काही असं जड नव्हतं. पुण्याला होतास तेव्हा एकदा जाताना सांगून गेलास, मंगळवारी दुपारच्या सुट्टीत गच्चीवर जाऊन थांब, तुझ्या शाळेवरून जाणार आहे. मी सातवीच्या सगळ्या मुलींना वर नेलं. खूप उंचावरून एक चकचकीत ठिपका गेला. मी खडूनं भरलेल्या हातानं पदर हलवला, मुलींनी इतका आरडाओरडा केला की मुख्याध्यापिकाबाई धापा टाकत वर आल्या. पुढच्या खेपेला तुला हे सगळं रंगवून सांगितलं, तर तू म्हणतोस, "मंगळवारी? मंगळवारी मी तापानं फणफणलो होतो. ते दुसऱ्याच कुणाचं तरी विमान." आणि हसता हसता तुला ठसका लागला. मीही सांगून टाकलं, पदर तुझ्यासाठी हलवला होता, ज्यानं घेतला त्यानं आणून द्यावा. आता शाळेवरून विमान गेलं की मुली खिडकीकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि मग घाईघाईनं वह्यांत डोकं घालतात.

वसंताचं नाव तुझ्या तोंडून इतकं ऐकलं की मला कंटाळा यायचा. तुझ्या त्या कॅनबेरा विमानात तुम्ही दोघंच, चालवणारा तू आणि वाट दाखवणारा तो. वसंत तासगावचा. त्याच्या घरच्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली, हा शिष्यवृत्तीवर शिकून विमानात गेलेला. नकाशा त्याच्या डोक्यातच असतो, म्हणायचास. वर आकाशात तुम्ही दोघं कानाला यंत्रं लावून गावाकडच्या भाषेत बोलायचात, म्हणून एका साहेबानं तुम्हाला झापलं होतं. "आरं गड्या, जरा डावीकडं घे की, तिकडं कुटं निघालायस सासुरवाडीला!" ही त्याची नक्कल तू करून दाखवायचास आणि मला हसू आवरायचं नाही. तरीसुद्धा मला त्याचा थोडा हेवा वाटायचा. तुझी अर्धी रजा त्याच्या गोष्टींत जायची.

खुर्चीचं मला तूच सांगितलंस, आणि तेही मला धीर यावा म्हणून. "तू उगाच भितेस आक्का. माझ्या खुर्चीला डोक्यावर एक मूठ आहे. ती ओढली की खुर्चीसकट मी वर फेकला जातो. छत्री आपोआप उघडते. विमानाचं काय व्हायचं ते होवो."

"आणि वसंता?"

"त्याला तसली खुर्ची नाही. तो खाली पुढच्या टोकाशी बसतो. त्यानं छातीला छत्री अडकवायची आणि बाजूच्या दारातून उडी मारायची."

"आणि दार उघडलं नाही तर?"

"उघडतं," म्हणालास, आणि चहा मागितलास. तिथून पुढं ती खुर्ची माझ्या डोक्यातून गेली नाही.

म्हणून मागच्या भाऊबीजेला मी ते मागितलं. विधवेनं ओवाळू नये म्हणून गावात कुजबुज व्हायची, आबांच्याही कपाळाला आठी पडायची. तू म्हणालास, मग मी भाऊबीजेला गावात थांबतच नाही, सांगलीला जातो. तेव्हापासून दर वर्षी तू माझ्या खोलीवर यायचास. मागच्या खेपेला सकाळी येणार होतास, आलास दुपार कलल्यावर. मी आदल्या दिवशी चक्का बांधून श्रीखंड केलेलं. तू चार घास खाल्लेस आणि पोट भरलं म्हणालास. मी रुसले. तरी पाट मांडला, रांगोळी काढली, तुला ओवाळलं. तू तबकात पातळ ठेवलंस. मी ते उचलून परत तुझ्या मांडीवर ठेवलं.

"हे नको. मला ओवाळणीत शब्द दे. तसली वेळ आली तर तू खुर्चीची मूठ ओढशील. आधी तू."

तू निरांजनाकडे बघत राहिलास. "आक्का, पातळ घे की. रंग तरी बघ."

"शब्द दे."

"तो नको मागूस गं. दुसरं काहीही माग."

"दुसरं मला काय हवंय, दिना? माझ्याजवळ दुसरं आहे काय?"

तू वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलंस. नेहमी पायांना हात लावल्यासारखं करून पळायचास, त्या दिवशी उठेचनास. पण शब्द काही दिला नाहीस. मी रात्री जेवले नाही, तूही समजूत काढली नाहीस. आपल्यातलं ते भांडण तसंच राहिलं, आणि ते पातळ मी अजून घडी मोडून नेसलेली नाही.

सप्टेंबरात लढाई लागली आणि तुम्ही उत्तरेकडे गेलात. मग गावी तार आली. लढाई थांबल्यावर तुमच्यातला एक सरदारजी अधिकारी तुझ्या अस्थी घेऊन आला. ओसरीवर घोंगडं टाकून त्याला बसवलं. अंगणात सगळं गाव. सगळ्यांच्या समोर आबांनी त्याला पहिला प्रश्न काय विचारला असेल?

"सायेब, इमान का मूं किदर था?"

त्याला कळेना. आबांनी पुन्हा विचारलं, "मूं, मूं. दुस्मन की तरफ का घर की तरफ?"

"घर की तरफ, बाबूजी. वापस आ रहे थे."

आबांची मान खाली गेली. तुला सांगायला नको. आपल्याकडे लढाईवरून माणूस गेल्याची खबर आली की आधी विचारतात, घाव छातीवर की पाठीवर. थोरले चुलते आफ्रिकेच्या लढाईत गेले तेव्हा छातीवर घाव होता एवढं कळल्यावर आजीनं पाणी प्यायलं, असं आबाच सांगायचे. बॉम्बर विमान म्हणजे परत यावंच लागतं, बॉम्ब टाकायला जाणं हे अर्धं काम आणि विमान घरी आणणं हे उरलेलं अर्धं, हे त्या भल्या माणसानं परोपरीनं समजावलं. आबा व्हय व्हय म्हणत होते, पण त्यांची नजर जमिनीवरच होती. त्यांच्या लेखी पोरानं दुश्मनाला पाठ दाखवली होती.

मग त्यानं पुढचं सांगितलं. परत येताना खालच्या तोफांचा मारा बसला होता. तळ दिसायला लागला तेव्हा एका पंखाला आग लागलेली होती. तळावरून तुला सांगितलं, बाहेर पड. तू सांगितलंस, वसंताचं दार अडकलंय. तळावरून म्हणाले, तू तर नीघ. पुन्हा म्हणाले. तू म्हणालास, उतरवायचा प्रयत्न करतो. धावपट्टी थोडक्यात राहिली आणि विमान अलीकडच्या बाजरीच्या रानात पडलं.

आबांनी मान वर केली. "म्हंजे त्याला भाईर येता येत हुतं?"

"जी."

"आन् आला न्हाई."

"नहीं आया."

आबांनी पटक्याच्या शेमल्यानं तोंड पुसलं. "मंग बराबर हाय," म्हणाले. "आपला मानूस टाकून येत न्हाईत." आणि मला हाक मारली, सायबाला च्या आण म्हणून.

बरोबर काय आहे त्यात, दिना? चूल पेटवताना मी रागानं फुंकणी आपटली. त्या क्षणापासून तू सगळ्यांना पावलास. आबा ताठ चालायला लागले. मलकापूरच्या न्हाव्याच्या दुकानात तुझा फोटो लागला. पारावर तुझी गोष्ट रोज नव्यानं सांगतात, आणि दर वेळी त्यातलं विमान मोठं होतं. आणि मी? मी एकटी मनात एकच घोकत होते, तू मूठ ओढली असतीस तरी वसंता जाणारच होता. तू थांबलास म्हणून तो वाचला नाही. एकाऐवजी दोघं गेले. हे कुणाजवळ बोलणार? भाऊ वीर म्हणून गेला आणि ही काय बोलतेय, असं म्हणून लोकांनी तोंडात बोटं घातली असती. असलं काही मनात आलं की मी ज्याच्याजवळ बोलायचे तो तूच होतास. आता तूही नाहीस, आणि तुझ्यावरच तर राग.

यंदाच्या भाऊबीजेला मी खोलीला आतून कडी घालून बसले. शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन आल्या, दार वाजवून परत गेल्या. त्यानंतरच्या रविवारी मी तासगावच्या गाडीत बसले. लोकांना वाटलं असेल, मास्तरीणबाई सांत्वनाला निघाल्या. सांत्वनाला कसली जाते! माझा भाऊ ज्याच्यासाठी थांबला त्याचं घर मला बघायचं होतं. त्याच्या आईला विचारायचं होतं, की बाई, तुमचा मुलगा त्याला जा म्हणाला नाही का? खरं सांगते, मी भांडायला निघाले होते.

"विमानातला वसंत" एवढं म्हटल्यावर स्टँडवरच्या पोरानं घर दाखवलं. ओढ्यापलीकडच्या वस्तीत, शेणानं सारवलेलं, नीटनेटकं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली वसंताचा गणवेशातला फोटो, त्याच्यापुढं मेणबत्ती. आई ठेंगणी, द्राक्षाच्या बागांत काम करून रापलेली. मी उंबऱ्याशी उभी राहिले, नाव सांगायला तोंड उघडलं, तोच ती म्हणाली, "तुमी आक्का."

मी मान हलवली.

"मला वाटलंच हुतं, कोनतरी येनार. बसा." घोंगडं टाकलं तिनं. मग जरा थांबली. "पानी आनू का? चालंल न्हवं?"

"आणा की," मी म्हणाले. ज्या तोंडानं भांडायला आले होते त्या तोंडाला कोरड पडली होती.

पाणी देत ती म्हणाली, "तुमच्या भावाला इचारायची पाळी न्हाई आली. आल्या आल्या सोताच माठातनं घितलं त्यानं."

हातातला तांब्या तसाच राहिला. "आला होता? कधी?"

"मागल्या भावबीजंला की. वसंताला रजा न्हवती, त्यानं माझ्यासाठनं लुगडं धाडलं हुतं त्याच्याजवळ. सकाळच्याला आला. आक्काकडं जायाचंय, आक्का वाट बगत आसंल, म्हनून लय गडबड करत हुता. मीच सोडला न्हाई. बोंबलाचं कालवण आन् भाकरी केल्ती. पोटाला तड लागस्तवर जेवला बगा."

माझं श्रीखंड बोंबलानं हरवलं होतं तर! मला हसू आलं का रडू, ते मलाच कळलं नाही. वर्षभर मनात धरलेला रुसवा त्या बाईच्या चुलीपाशी गळून पडला. एवढं साधं तू मला का नाही सांगितलंस? मी तुला पंक्तीवरून कधी बोलले असते?

तू का सांगितलं नाहीस ते मला पुढच्या बोलण्यात कळलं.

तिनं तोंडाला पदर लावला होता, तो काढून मांडीवर धरला. "बाई, तुमी आलाय तर सांगूनच टाकते. वसंता मागं बोलता बोलता बोलून गेल्ता, सायबाची खुर्ची वर उडती, माझी न्हाई. तवापास्नं माझ्या डोळ्याला डोळा न्हवता. त्या दिशी तुमचा भाऊ जेवून उटला, तवा मी त्याचा हात धरला. म्हनले, बाबा, तुला खुर्ची हाय, माझ्या लेकराला निस्तं दार हाय. तू त्याला टाकून येनार न्हाईस न्हवं? म्हनला, 'न्हाई येत, आई. दोगं जातो तसं दोगं येतो. शबूद दिला.'" तिनं मांडीवरचा पदर घट्ट धरला. "मी बांधला त्याला. माझा जानारच हुता, त्याचं दारच उगाडलं न्हाई. पर तुमचा माझ्या शबदानं गेला. आता काय बोलायचं ते बोला, मी आयकते."

आणि हात मांडीवर ठेवून ती खरंच बसून राहिली.

त्या वेळी माझ्या मनात काय काय आलं, ते तुझ्यापासून काय लपवू? शब्द तू सकाळी तासगावला दिला होतास. संध्याकाळी मी तबक घेऊन तुझ्यापुढं बसले आणि त्याच्या नेमका उलटा शब्द मागितला. तू नाही म्हणू शकत नव्हतास आणि हो म्हणून मला फसवायचंही नव्हतं, म्हणून पातळाचा रंग दाखवत बसलास. माझ्या पायांवर डोकं ठेवून इतका वेळ का थांबलास, ते मला आत्ता कळलं. पण कळलं म्हणून राग गेला असं नाही. मी तुला वाढवलं, आणि तू शब्द दिलास तो एका सकाळची ओळख असलेल्या बाईला. मी भांडायला आले होते, आणि समोरची बाई भांडण ऐकायला तयार होऊन बसली होती. मनात साठलेलं सगळं तोंडाशी आलं होतं.

"मीही मागितला होता," मी म्हणाले. "त्याच दिवशी संध्याकाळी. मला नाही दिला त्यानं."

"काय मागितलं हुतं?"

"वेळ आली तर आधी तू बाहेर पड, म्हणून."

तिनं डोळे मिटले. "आगं बाई गं. दिला आसता तर बरं झालं आसतं."

"त्यानं तुमचा शब्द पाळला."

"काय करायचा आसला शबूद?" ती एकदम जोरात बोलली. "मला काय ठावं, दार अडकंल म्हनून? दोगं जातो, दोगं येतो म्हनला. दोगंबी गेली की! एक तरी माघारी याया पायजे हुता. तुमचा आला आसता, तर त्याच्या तोंडाकडं बगून मी माझ्याचं इचारलं तरी आसतं. कसा हुता, काय म्हनला. आता कुनाला इचारू?"

दिना, हेच. नेमकं हेच मी महिनाभर छातीत दाबून फिरत होते. आबा बरोबर हाय म्हणाले, गाव धन्य म्हणालं, शाळेत सभा झाली. एक तरी माघारी यायला हवा होता, हे म्हणणारं माणूस मला मिळालं ते तिथं, जिच्याशी भांडायला गेले तिच्याच घरात. तार आल्यापासून मी रडले नव्हते, ते त्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तीही रडली. मग आम्ही दोघींनी तुम्हा दोघांनाही यथेच्छ शिव्या दिल्या. तिच्या शिव्या माझ्यापेक्षा चांगल्या होत्या.

तिनं जेवायला वाढलं. जेवताना दहाव्याचं विचारलं. मी सांगितलं, कावळा लगेच शिवला. माझ्या आवाजात काय ऐकू आलं तिला कोण जाणे, भाकरी थापता थापता थांबली. "आमी दीक्षा घितल्यापास्नं कावळ्याला बलवत न्हाई. पर तुमी मनाला लावून घिऊ नगा. त्या मुडद्याला भूक लागली आसंल."

तुझा शब्द चुकला असं मी आता म्हणणार नाही, आणि बरोबर होता असंही म्हणणार नाही. वसंता खाली त्या अडकलेल्या दाराशी असताना वर तू होतास, हे त्याला ठाऊक होतं. डावीकडं घे गड्या म्हणायला त्याला कुणीतरी होतं. त्याची आई त्या एका गोष्टीच्या आधारावर जगते आहे, हे मी डोळ्यांनी बघितलं. माझा आधार गेला तो त्यातच गेला. दोन्ही खरं आहे, आणि हे घेऊन मला एकटीला त्या खोलीत राहायचं आहे. तू असतास तर यावर आपण दोन तास भांडलो असतो.

ती मला पोचवायला स्टँडपर्यंत आली. गाडीत बसल्यावर खिडकीतून आत भुईमुगाच्या शेंगांची पुरचुंडी सरकवत म्हणाली, "पोचल्याव कळवा हां, बाई."

"कसं कळवू?"

"ह्यो कंडक्टर वस्तीला हितंच येतो माघारी. त्याच्याजवळ सांगा. न्हाईतर माझा जीव लागून ऱ्हाईल."

गाडी सुटली. पोचल्यावर कळवा, असं मला कुणी म्हणून किती दिवस झाले असतील, याचा मी विचार करत होते. ते मी म्हणायचे, तू जाताना, दर वेळी. मी कुठं पोचले आणि कुठं नाही, याची वाट बघणारं आता जगात कुणी नाही, असं धरूनच मी चालले होते.

सांगलीला उतरले आणि पाच-पंचवीस माणसांबरोबर स्टँडच्या बाहेर पडले. मग थांबले, मागं वळले. कंडक्टर गाडीच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होता.

"तासगावला एक निरोप द्याल?"

"देतो की. कुनाला?"

"वसंताच्या आईला. म्हणावं, दिनाची आक्का पोचली."